हजेरी

बोटीच्या जिन्याशी रोज संध्याकाळी
यादी घेऊन एक पोरगी उभी असायची.
खोली दोनशे बारा. नावं?
मी माझं सांगायचे.
ह्यांचं विचारलं की ह्यांच्याकडे बोट करायचे.
तिला वाटलं असेल, बाई अर्धी मुकी आहे.

एकेचाळीस वर्षांत ते नाव
मी फक्त उखाण्यात घेतलंय.
बायकांनी दार अडवल्यावर
आधी चांदीचं ताट, मग साखरेचा खडा,
मग कुठे पदराआडून ते.

पोरानं पाठवलं होतं आम्हाला,
घणसोली गावठाणातून थेट डॅन्यूबवर.
ह्यांनी पहिल्याच दिवशी कठड्यावरून वाकून पाहिलं,
पाण्याचा वास घेतला, नव्हताच,
आणि म्हणाले, "हिला भरती नाय?"
नाही म्हणे.
"मंग हिला कसा कलतं, कवा माघारी फिराचा?"

गावं बघितली. धुऊन वाळत घातल्यासारखी गावं.
प्रत्येकात एक चर्च, एक घड्याळ, खिडकीत लाल फुलं,
आणि गाईडबाईच्या तोंडी नुसती सालं.
तिसऱ्या दिवशी मी भाजलेल्या सुकटीचा डबा उघडला
तर शेजारच्या खोलीतून तक्रार गेली.
झाडलोट करणारा फिलिपिन्सचा पोरगा मात्र
दारात डोळे मिटून उभा राहिला.
त्याला मूठभर दिली. कागदात बांधून, घरी देतात तशी.

मग ते वाईनचं गाव.
डोंगर खालपासून वरपर्यंत दगडी बांधांनी बांधलेला,
बांधावर बांध, मध्ये द्राक्षांच्या ओळी.
मालक म्हणाला, मी अकरावी पिढी.
गाईडबाईनं ते हिंदीत सांगितलं,
ह्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात खिशात घातला.
वाईन तोंडात घोळवून बादलीत थुंकायची असते.
सगळे थुंकले.
मी गिळली. कुणाच्या घरी जाऊन थुंकायचं कसं?
आंबट होती. दुसऱ्या पेल्यात जरा बरी लागली.

बस निघायची वेळ झाली.
खोली दोनशे बारा?
मी सवयीनं बोट केलं.
बोटापुढे कुणीच नव्हतं.

अहो, म्हटलं.
अहो, जरा मोठ्यानं.
त्या मुलखात अहो कुणाचंच नाव नाही.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ऊन उतरत होतं.
पुण्याचे देशपांडे घड्याळ बघत होते.
आणि माझ्या तोंडून निघालं,
ताट नाही, खडा नाही, यमक नाही,
हसुराम!

डोंगरानं ते परत दिलं. दोनदा.

चौथ्या बांधामागून डोकं वर आलं.
हात कोपरापर्यंत मातीचे.
बांध ढासळला होता तिथे दगड बसवत होते,
आणि तो अकराव्या पिढीचा माणूस
खाली बसून एकेक दगड निवडून देत होता.
एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.
दगड कुठला बसेल, ते दोघांना येत होतं.

आमचा शेवटचा बांध होता तिथे आता
गाडी लावायचे तासाला वीस रुपये घेतात.

खाली उतरून ह्यांनी हात झटकले.
"कोन हाका मारीत होता?"
मी म्हटलं, ती यादीवाली.
बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले,
पण काचेत मला हसताना दिसले.

आता परत आपली खाडी.
संध्याकाळी हे धक्क्यावर जाऊन बसतात,
समोर कांदळवन, चिखलात तिरक्या पडलेल्या होड्या,
पलीकडे टॉवरचे दिवे.
मी जेवायला बोलवायला जाते.
अहो, म्हणते. वळत नाहीत.
हल्ली ऐकूच येत नाही त्यांना.
वाशीच्या डॉक्टरला दाखवलं, कान ठणठणीत आहेत म्हणाला.

पाणी मागे गेलेलं असतं.
मी इकडेतिकडे बघते,
जवळपास कुणी आहे का.